संपर्क यादी

कॅनडा कॉर्नरला तिसरा मजला,
खाली झेरॉक्स, वर गच्चीत गळकी टाकी.
पहिल्याच दिवशी क्षेमकल्याणी सरांनी
रेग्झिनची डायरी माझ्यापुढे सरकवली:
कुठल्या पेपरात कोण, कुणाचा चहा बिनसाखरेचा,
कुणाची मुलगी यंदा बारावीला,
कुणाला चारनंतर फोन करायचा नाही.
"लूनावरून प्रेसनोट वाटायचो," म्हणाले,
"सातच्या आत पोचली की झालं. मग गाव झोपायचं."

मी लॅपटॉपवर माझी यादी उघडली:
नाव, फॉलोअर्स, एका रीलचा दर.
मिसळ चाखणारी ताई, ऐंशी हजार.
गंगापूर धरणावर नाचणारे जुळे भाऊ, दोन लाख दहा.
सरांनी चष्मा कपाळावर नेला,
"यातल्या मधुमेह कुणाला आहे?"

चौथ्या दिवशी ते एकोणीस सेकंद आले.
मेन रोडवरचं आपलं साड्यांचं दुकान
(क्लायंटला आपलंच म्हणायचं, हेही डायरीत होतं),
गादीवर उलगडलेली पैठणी,
तिच्यावर एक रापलेला हात, नखांत माती,
आणि सेल्समनचा आवाज, अगदी नम्र:
"मावशी, राहू द्या. ही तुम्हाला नाही परवडायची."
हात उचलला जातो.
एवढंच.

दुपारी हजार, दिवेलागणीला चाळीस हजार.
आमच्याकडे पूर मोजतात दुतोंड्या मारुतीवर,
गुडघा, कंबर, छाती.
मी अंगठ्यानं मोजत होते.
त्या गढूळ पाण्यात माझी सख्खी आत्या वाहत आली:
"असल्यांचं दुकान बंद पाडा!!"
मी दुकानाच्या नावानं तिला उत्तर दिलं,
"ताई, आपल्या भावनांचा आम्ही आदर करतो."
तिनं त्यावर रागाचे तीन चेहरे टाकले.

दिलगिरीचे सात मसुदे झाले.
वकील म्हणाले, दिलगिरी महाग पडते,
खेद परवडेल.
मालकांनी मध्येच 'गैरसमज' घुसवला
आणि पैठणीचा खोका माझ्या हातात दिला,
"बाईला देताना शूट कर. उभं धर, आडवं नको."

पहाटे पाचला पंचवटीच्या मार्केटात
मथुराबाई गांगुर्डे जुड्या बांधत होत्या.
"कोण गं तू?"
"जनसंपर्क."
"म्हंजी?"
"लोकांशी बोलायचं काम."
"मग बोल की. आन् हात कशाला रिकामा? धर ही सुतळी."
मी चाळीसेक जुड्या बांधल्या, ढिल्या,
निम्म्या त्यांनी पुन्हा बांधल्या.
फोन खिशातच राहिला. का, ते मला नीट सांगता येणार नाही,
कदाचित हात ओले होते म्हणून.

खोका त्यांनी उघडलाही नाही.
"पैसे होते माज्यापाशी. पोरीच्या लग्नाचे, मोजून नेलेले.
आता फुकट घेतली तर त्याचंच खरं व्हईल."
मग कोथिंबिरीवर पाणी शिंपडता शिंपडता,
"त्या पोराला काढू नका.
दुकानानं शिकवलं तेच बोलला तो."

हे वाक्य मी आठव्या मसुद्यात जसंच्या तसं टाकलं.
ते गेलं पहिलं.
दुपारी पोराला काढलं,
ते आम्ही ठळक अक्षरांत टाकलं.
रिस्पॉन्स चांगला आला.
रात्रीपर्यंत पाणी उतरलंही,
कुठल्या तरी दुसऱ्या गावात कुणीतरी
कुत्र्याला लाथ मारली होती.

सर कुलूप लावायला थांबलेले.
"चल, पहिला पूर पाहिलास," म्हणाले,
आणि चहा पाजला, मला न विचारता कमी साखरेचा.

मी घरी आले, बॅगेला अजून कोथिंबिरीचा वास.
यादी उघडली. खाली एक ओळ घातली.
नाव: मथुराबाई गांगुर्डे.
फॉलोअर्स: तो रकाना कोराच ठेवला.
दर: दहा रुपये जुडी,
दुपारनंतर आठ.